आईच्या झाडांनी भरलेल्या खोलीचं अमूर्त जलरंग चित्र करायचंय, सुरुवात कुठून करू?

नेचेवाली

मंडळी, जरा मदत हवी आहे. जलरंगवाल्यांची तर हवीच, पण ज्यांच्या घरात भरपूर झाडं आहेत त्यांनीही लिहा प्लीज.

आमची डोंबिवलीची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीये, दिवाळीनंतर घर रिकामं करायचंय. आईची मागची खोली आहे ती सगळी झाडांनी भरलेली आहे, पश्चिमेची खिडकी, ग्रिलवर मनीप्लांट आणि तो सुतळीच्या आधाराने पार छताच्या कडीपर्यंत पोचलाय, खाली अरेका पाम, रबर प्लांट, सिंगोनियम, नेचे, कोलियस, एका कोपऱ्यात ब्रह्मकमळ. कुंड्या कमी आणि तेलाचे पत्र्याचे डबे जास्त. दुपारी चारनंतर तिथे जो उजेड असतो ना, तो घरातल्या दुसऱ्या कुठल्याच खोलीत नसतो. आई तिथेच निवडत टिपत बसते, मी लहानपणी तिथेच अभ्यास केलाय.

फोटो भरपूर काढलेत. पण फोटोत झाडं दिसतात आणि त्या खोलीत बसल्यावर जे वाटतं ते येत नाही. म्हणून मला याचं जलरंगात अ‍ॅबस्ट्रॅक्ट करायचंय, मोठं, निदान अर्धा इम्पीरियल (साधारण १५ बाय २२ इंचांचा कागद), नवीन घरात लावायला. मी जलरंग बरीच वर्षं करते पण सगळं लँडस्केप, घाट, देऊळ, वाडे असं. या खोलीचं करायला घेतलं की पानं काढली जातात, बघणाऱ्याची नजर पानावर थांबते आणि लगेच "अरे हा मनीप्लांट का" असं होतं. मला ते नकोय. ज्याने ही खोली पाहिली नाही त्यालाही तिथे बसल्यासारखं वाटावं, पण एकही पान ओळखू येऊ नये.

तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कसं ठरवता तुम्ही? आणि दुसरं म्हणजे हिरवा. सगळीकडे हिरवाच आहे, तो एकसुरी होऊ नये म्हणून काय करता?

---

जुनाब्रश

नेचेवाली ताई, विषय फार आवडला, त्यामुळे जरा लांबड लावतो.

काय ठेवायचं याचं उत्तर मी तरी पानांच्या आकारात शोधणार नाही, उजेडात शोधेन. एक काम करा, चार वाजता त्या खोलीत बसा आणि मनीप्लांटचं एकच पान आधी खिडकीच्या विरुद्ध बाजूने बघा, म्हणजे उजेड पानाच्या पाठीमागून येतोय अशा जागेवरून. मग उठून ग्रिलपाशी जा आणि तेच पान खिडकीच्या बाजूने बघा. पहिल्या वेळी ते पिवळसर, उबदार, जवळजवळ पेटलेलं दिसेल कारण उजेड पानाच्या आतून गाळून आलाय, हरितद्रव्याने त्यातला लाल आणि निळा बराचसा खाल्लाय आणि उरलेला तुमच्यापर्यंत आलाय. दुसऱ्या वेळी तेच पान थंड, निळसर राखाडी चमकेल, कारण पानावरच्या मेणासारख्या थरावरून आकाश परतून तुमच्या डोळ्यात येतंय, त्यात पानाचा स्वतःचा रंग फार कमी असतो. म्हणजे तुमच्या खोलीत एक हिरवा नाहीये, दोन घराणी आहेत, गाळून आलेल्या उजेडाचं आणि परतून आलेल्या उजेडाचं. रबर प्लांटचं पान जाड, त्याच्यातून फारसं काही गाळून येत नाही, ते मागून बघितलं की काळपटच राहतं पण वरून आकाश छान परत देतं. मनीप्लांट, कोलियस, नेचे पातळ, त्यांच्यातून भरपूर येतं, आणि कोवळ्या पानातून जास्तच. ही दोन घराणी नीट पकडलीत तर पान काढायची गरजच उरत नाही, कारण त्या खोलीचं जे काही वाटणं आहे ते मला वाटतं याच अदलाबदलीत आहे.

आणि जलरंग यासाठीच बनलाय असं मी मनापासून म्हणेन. पारदर्शक वॉशमध्ये, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थरात, काय होतं, उजेड रंगाच्या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत त्याच थरातून बाहेर येतो. पानाचं जे चाललंय तेच. तेलरंगात किंवा पोस्टर कलरमध्ये हे दाखवायला लागतं, जलरंगात ते आपसूक घडतं, फक्त तुम्ही अपारदर्शक रंग आणि पांढरा घालून ते बंद करू नका.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण म्हणजे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीसमोर धरलेल्या हाताच्या बोटांतून उजेड लालसर होऊन बाहेर येतो, आणि ते सगळं जलरंगात आहे. ते चित्र पूर्ण वास्तववादी आहे, अमूर्ताशी त्याचा संबंध नाही, पण उजेड वस्तूच्या आतून कसा आणायचा हे शिकायला त्यासारखं चित्र नाही. प्रत्यक्ष बघायला मिळालं तर हातापाशीच उभ्या राहा.

आता करायचं काय. पहिले काही दिवस चित्र काढूच नका. कागदाच्या पट्ट्या कापा आणि त्या खोलीत बसून फक्त रंग जुळवा, एका पट्टीवर गाळून आलेले, दुसरीवर परतून आलेले, आणि तिसरी पट्टी भिंतीची. भिंत विसरू नका! झाडांनी भरलेल्या खोलीत पांढरी भिंत पांढरी नसते, पानांजवळ ती हिरवट होते आणि जरा लांबचा सावलीतला भाग डोळ्याला किंचित गुलाबीसर दिसतो, कारण एवढा हिरवा बघितल्यावर डोळा शेजारच्या राखाडीत त्याचा विरुद्ध रंग घालतो. हा गुलाबीसर राखाडी चित्रात ठेवलात तर हिरवा आपोआप खोलीतला वाटेल, जंगलातला वाटणार नाही. या एका गोष्टीवर माझा फार विश्वास आहे.

---

पावसाळीकागद

जुनाब्रश काकांनी पाहण्याचं लिहिलं, मी सामानाचं लिहिते, कारण डोंबिवलीची हवा आणि हा मोसम.

कागद शंभर टक्के कॉटन, ३०० जीएसएम म्हणजे जाड, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत. अमूर्तात तुम्ही ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग, भरपूर करणार, वॉशवर वॉश चढवणार, पुसून काढणार, साधा लाकडाच्या लगद्याचा कागद हे सहन करत नाही, दुसऱ्या तिसऱ्या थराला त्याचा वरचा पापुद्रा उठतो. कागद जुना असेल आणि पावसाळाभर उघडा पडला असेल तर आधी कोपऱ्यात एक वॉश देऊन बघा, दमट हवेत सायझिंग, म्हणजे कागदाला पाणी लगेच शोषू न देणारा लेप, खराब होतं आणि मग वॉशमध्ये ठिपके ठिपके उमटतात, रंग ब्लॉटिंग पेपरसारखा आत शोषला जातो. असा कागद कितीही महागाचा असला तरी या चित्राला वापरू नका. चांगले ताव प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलबरोबर बंद ठेवायचे.

हिरव्यासाठी तयार हिरव्या ट्यूबा शक्यतो बाजूला ठेवा. ट्यूबच्या मागे पिगमेंटचा, म्हणजे मूळ रंगद्रव्याचा, कोड असतो तो बघून घ्या, नाव कंपनीगणिक बदलतं पण कोड बदलत नाही. माझी पेटी सांगते. निकेल अ‍ॅझो यलो म्हणजे पीवाय १५०, फार पारदर्शक, गाळलेल्या उजेडाला याच्यासारखा पिवळा नाही. थॅलो ग्रीन पीजी ७, नुसता लावला तर प्लास्टिकसारखा दिसतो पण मिसळायला राजा. त्यात बर्न्ट सिएना घातला की खोल मातकट हिरवा, आणि क्विनाक्रिडोन रोज म्हणजे पीव्ही १९ घातला की राखाडीपासून जवळपास काळ्यापर्यंत सगळं मिळतं. काकांनी सांगितलेला भिंतीचा गुलाबी राखाडी थॅलो आणि रोज याच दोघांतून येईल, म्हणजे भिंत आणि पानं एकाच रंगातून निघतील आणि चित्र आपसूक बांधलं जाईल. परतलेल्या उजेडाला अल्ट्रामरीन किंवा सेरुलियन, हे दोन्ही दाणेदार बसतात, त्यामुळे निळसर भाग जरा खरखरीत आणि पिवळसर भाग गुळगुळीत असा फरक आपोआप पडतो. मला हा फरक फार आवडतो.

थॅलोचं एक लक्षात ठेवा, तो कागदाला डाग देतो, नंतर पुसून उजेड काढता येत नाही. जिथे पुसायचं असेल तिथे विरिडियन, पीजी १८ वापरा, तो सहज उठतो. आणि नवीन घरात कायम लावायचंय ना, मग जुना अलिझारिन क्रिमझन पीआर ८३ आणि ऑरिओलिन पीवाय ४० टाळाच, उजेडात उडतात.

दमट हवेत वॉश वाळायला फार वेळ लागतो. अमूर्तात हे चांगलंच आहे, रंगाला फिरायला वेळ मिळतो. फक्त एक सांभाळायचं, कागदाची चमक जाऊन तो नुसता गार लागत असेल तेव्हा पाण्याने भरलेला ब्रश लावला की बॅकरन येतो, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड असलेला डाग. हवा असेल तर मुद्दाम आणा, या विषयात तो छान दिसेलही, पण नको असेल तेव्हा ब्रश कागदापेक्षा कोरडा असला पाहिजे.

---

रंगपेटी

वर दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण मला एक वेगळं म्हणायचंय आणि ते जरा ठामपणे म्हणतो.

उजेड मोजून, पट्ट्या जुळवून जे होईल ते सुंदर होईल, पण ते अजूनही त्या खोलीचं वर्णनच असेल, पानं वगळलेलं वर्णन. ताईंना खोलीत बसल्यासारखं वाटायला हवंय. त्यासाठी कधीतरी खोलीकडे पाठ करावी लागते. मी तर म्हणेन चित्र त्या खोलीत बसून करूच नका. दुसऱ्या खोलीत करा, दार लावून, फोटो न बघता. जे आठवेल तेवढंच कागदावर येईल आणि जे आठवत नाही ते नकोच आहे. काय ठेवायचं हा तुमचा प्रश्न आठवणीवर सोपवा.

चित्रकार पॉल क्ले १९१४ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियाला गेला, बरोबर ऑगस्ट माके आणि अजून एक चित्रकार मित्र. तिथली जलरंग चित्रं बघा, छोटी छोटी आहेत, घरं, बागा, उन्ह सगळं रंगीत चौकोनांत विरघळलंय, पण ती जागा सुटलेली नाही. कुठेतरी एखादा घुमट, एखादं झाडासारखं काही राहतं आणि बाकी नुसते रंगाचे शेजार. आणि याच क्लेची छाया आपल्या गायतोंडेंच्या सुरुवातीच्या कामावर आहे. नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ ला बाहेर पडलेले वासुदेव गायतोंडे. पुढे त्यांच्या कॅनव्हासवर ओळखू येईल असं काही उरलंच नाही, रोलर आणि नाईफने थर चढवायचे आणि काढायचे, तरी त्या चित्रांसमोर उभं राहिलं की आतून उजेड येतोय असं वाटतं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा जगाने ते बघितलं. तो उजेड कुठल्या खिडकीतून मोजून आणलेला नाही. तो थरांमधून आलाय, वाट बघण्यातून आलाय.

म्हणून माझा सल्ला, आकार आधी ठरवू नका. कागद पूर्ण भिजवा, पहिला वॉश खोलीचं तापमान म्हणून द्या, उबदार की गार एवढंच. तो वाळू द्या, भिंतीला लावून ठेवा, एक-दोन दिवस येताजाता बघा. मग दुसरा थर. प्रत्येक थराला विचारा की आता काय हवंय. पान आलंच तर येऊ द्या, पुढच्या थरात बुडेल.

---

नेचेवाली

बापरे, इतकं छान लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार!

काका, तुम्ही सांगितलेलं लगेच करून बघितलं, काल चार वाजता. खरंच दोन वेगवेगळी झाडं असावीत इतका फरक आहे हो. आणि भिंतीचा गुलाबी, तो तर मी कधी बघितलाच नव्हता, आई पण येऊन बघून गेली, तिला दिसला, म्हणाली पाणी घातल्यावर अजून दिसतो. मग पाणी घातलं तर खरंच पानं ओली झाली की निळसर चमक वाढते आणि त्यामुळे बाकी सगळं जरा काळोखं वाटतं, खोली एकदम खोल होते. मातीचा वास येतो तोही त्याच वेळेला. मला वाटतं मला ती वेळ हवीये, पाणी घातल्यानंतरची.

पावसाळीकागद, पीवाय १५० नाहीये माझ्याकडे, मागवते. बाकी आहे.

रंगपेटी, तुमचं पटतंय आणि भीतीही वाटते. दार लावून केलं आणि खोलीच हरवली तर? कारण आता ती पुन्हा बघायला मिळणार नाही, दिवाळीनंतर बिल्डिंगच नसेल. म्हणून पट्ट्या तरी करून ठेवायच्याच असं ठरवलंय.

अजून एक विचारायचंय. ग्रिल. खिडकीचं ग्रिल उभ्या सळयांचं आहे आणि मनीप्लांट त्यातून आतबाहेर विणल्यासारखा गेलाय. ते ठेवलं तर लगेच खिडकी ओळखू येईल, काढलं तर सगळं नुसतं तरंगतंय असं वाटतं. काय करू?

---

टोरांटोकर

इकडे हिवाळ्यात सहा महिने आमची झाडं घरात, त्यामुळे हा धागा अगदी माझाच वाटला. इथे उजेड उलटा येतो, बाहेर बर्फ असतो त्यामुळे खालून वर उजेड येतो आणि पानांच्या पोटाला लागतो, वरच्या बाजू अंधाऱ्या. शिवाय ग्रो लाइटचा जांभळट उजेड. जुनाब्रश काकांचं वाचून आज पहिल्यांदा नीट बघितलं, आमच्या अरेकाची दोन्ही घराणी तुमच्यापेक्षा एकदम वेगळी निघतील.

एक अनुभवाचं सांगते, इकडे हीटिंगमुळे हवा कोरडी ठाक, ओल्यावर ओलं करायला मिनिटंच मिळतात, म्हणून मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर किंवा अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर चिकटवते, तळ ओला राहतो आणि वेळ मिळतो. तुम्हाला तिकडे दमट हवेत गरज नाही लागणार, पण पंखा चालू असेल तर उपयोगी पडेल. आणि अर्धा इम्पीरियलला हात घालायच्या आधी पोस्टकार्डाएवढी चित्रं भरपूर करा. त्या छोट्या तुकड्यांत एखादा असा येतो की तोच मोठा करावासा वाटतो. तुकडे सगळे ठेवा, आईंना दाखवा, त्या खोलीत सगळ्यात जास्त त्याच बसल्यात. त्या कुठल्यावर बोट ठेवतात ते बघा.

---

जुनाब्रश

ग्रिल ठेवा ताई, नक्की ठेवा, पण सळई रंगवू नका.

उभ्या सळयांमुळे खोलीत एक ताल आहे, ठरावीक अंतराने उजेड कापला जातो. तो ताल खोलीचा आहे, झाडांचा नाही, आणि तोच काढून टाकला तर मग तुमचं चित्र बागेचंही होऊ शकतं. तर करायचं असं, पहिला पिवळसर वॉश पूर्ण वाळू द्या, मग निळसर घराण्याचा वॉश उभ्या पट्ट्यांत द्या आणि पट्टीच्या कडेला काही ठिकाणी कड कोरडी, टोकदार ठेवा, काही ठिकाणी स्वच्छ ओल्या ब्रशने ती सोडवून टाका. मनीप्लांट सळईच्या पुढून गेला की कड सुटते, मागून गेला की कड घट्ट राहते. ही आतबाहेर विणलेली गोष्ट नुसत्या कडांच्या सुटण्या-धरण्याने येते, एकही पान लागत नाही. अंतरं मात्र खऱ्या ग्रिलसारखी सारखी ठेवू नका, एकसारखी ठेवली की खिडकी झालीच. एक रुंद, दोन अरुंद, मध्ये एक पूर्ण गाळा मोकळा. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावतात तो रबरी द्रव) लावू नका, त्याची कड सगळीकडे सारखीच कडक येते आणि दमट हवेत ते कागदाला चिकटून बसलं तर कागद फाटतो.

आणि पाणी घातल्यानंतरची वेळ, हे तुम्ही फार महत्त्वाचं शोधलंत. म्हणजे काळोख वाढवायला घाबरायचं नाही. जलरंग वाळला की फिका होतो हे तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे खालचा भाग, डबे, मातीचा ओला भाग, तिथे थॅलो आणि रोजचा गडद ओला असताना नको इतका गडद वाटेल असाच लावा.

रंगपेटी, तुमच्याशी माझं भांडण नाही, पण क्लेचं उदाहरण माझ्या बाजूने जास्त आहे हो. तो तिथे जाऊन, उन्हात बसून बघत होता, विरघळवणं त्यानंतरचं. बघणं आधी पोटभर झालं पाहिजे, मग दार लावा. ताईंकडे दिवाळीपर्यंत खोली आहे, तोवर बघून घ्यावं.

---

रंगपेटी

काका, मान्य, क्रम तुमचा घेऊ. दिवाळीपर्यंत पट्ट्या, छोटे तुकडे, ग्रिलचे प्रयोग सगळं खोलीत बसून. पण ते मोठं चित्र घर सोडल्यावर करा असं मी अजूनही म्हणेन, भाड्याच्या घरात, जिथे ही झाडं दुसऱ्याच खिडकीत असतील. ताई, खोली हरवेल ही भीती वाटतेय ना, ती असू दे, तिच्यामुळेच तुम्ही खरं काय ते निवडाल. पट्ट्या जवळ ठेवा, पण चित्र करताना पाकिटात बंद. अडलात तरच उघडा.

---

नेचेवाली

हे जमेल असं वाटतंय. पट्ट्यांच्या मागे वेळ आणि कुठलं झाड ते लिहून ठेवतेय. आईने पोस्टकार्डांमधलं एक उचललंय, ज्यात जवळजवळ काहीच नाही, वर पिवळा आणि खाली काळोख आणि मध्ये एक सुटलेली कड. म्हणाली हे संध्याकाळचं आहे. बरोबर होतं.

शेवटचं विचारते, फ्रेम करताना काही काळजी? भाड्याच्या घराची एक भिंत ओल धरते असं दिसतंय.

---

पावसाळीकागद

त्या भिंतीवर लावूच नका, कितीही जागा चांगली असली तरी. आतल्या बाजूची भिंत बघा, जिला बाहेरचा पाऊस लागत नाही आणि थेट उन्हही येत नाही. फ्रेमवाल्याला सांगून माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, नक्की घाला, अ‍ॅसिड फ्री, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही, टेकली की तिथे दव धरतं आणि बुरशी येते. चित्र माउंटला पूर्ण चिकटवू देऊ नका, वरच्या कडेला कागदी पट्ट्यांच्या दोन बिजागऱ्या पुरतात, कागद दमट हवेत फुगतो आणि त्याला हलायला जागा लागते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. आणि फ्रेम करायची घाई पावसात नको, जानेवारीत करा, तेव्हा कागद पूर्ण कोरडा असतो. तोपर्यंत दोन स्वच्छ जाड पुठ्ठ्यांमध्ये आडवं ठेवा, गुंडाळी करू नका.